अडीच फूट पाणी

शाळेचा नंबर दिसला की ती आधी मनातल्या मनात एखादा अपघात पाहून घेई आणि मग फोन उचले. त्या गुरुवारीही तसंच झालं. "घाबरू नका, काही झालेलं नाही," पलीकडून पोहणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि असं म्हटल्यावर माणूस जितकं घाबरतं तितकी ती घाबरली. "तुमच्या घरी पूल आहे ना? मग हिला शिकवलं कुणी?" तसं कुणी नाही, ती म्हणाली, तीन वर्षांची असल्यापासून खेळते पाण्यात. "तेच म्हटलं. पाय टेकतात तिथं मासोळी आहे हो तुमची पोरगी. पण तीन हात मारले की एक पाय हळूच खाली सोडून बघते. तळ आहे ना जागेवर, म्हणून. आज खोल बाजूला नेलं, तळ लागेना, तर जी थिजली! हातपाय मारायचंच विसरली. मी होते शेजारी, काळजी नको. पण खरं सांगू? ज्या मुलांनी पाणी पाहिलेलंच नाही ना, ती बरी. त्यांना निदान तळाची सवय नसते."

फोन ठेवला. समोर पडद्यावर कुणाचा तरी अपघात अर्धा वाचून राहिला होता. विमा कंपनीत ती अपघातांचे दावे तपासायची; माणसं शिडीवरून, गच्चीवरून, ओल्या फरशीवरून कशी पडतात, उकळत्या पाण्यानं कशी भाजतात, हे दिवसभर वाचायचं आणि खरं-खोटं ठरवायचं. दहा वर्षं हे काम केल्यावर तिला घर दिसायचं बंद झालं होतं, नुसते धोके दिसायचे. भिंगरी रांगायला लागली तेव्हा तिनं टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला होता, नवरा म्हणाला होता, "आता फक्त मला गुंडाळायचं राहिलंय." पोरीचं नाव भिंगरी नव्हतं, पण एका जागी ठरत नाही म्हणून आजोबांनी ते ठेवलं आणि तेच राहिलं. एका जागी न ठरणारी पोर आज पाण्यात थिजली होती. तळाची सवय. हे शब्द तिनं कागदावर लिहिले, खोडले, आणि आपण कुणापासून काय लपवतोय ते न कळून तो कागद पर्समध्ये कोंबला.

खरं तर पूल भिंगरीसाठी नव्हताच. तो सासऱ्यांसाठी होता. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचे फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं, "रोज अर्धा तास छातीइतक्या पाण्यात चालायचं. पाणी वजन उचलतं, गुडघ्यांना पत्तासुद्धा लागत नाही माणूस चालतोय याचा." सार्वजनिक तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि त्याच्या पायऱ्या उभ्या, म्हणून नवरा म्हणाला, मागची जागा मोकळीच आहे, तिथंच करू. सासऱ्यांनी उभं आयुष्य मातीत काढलं होतं. मोठी इमारत उठायची असली की आधी यांना बोलवायचे. खड्डा खणून घ्यायचा, आत उतरून उकिडवं बसायचं, थर पाहायचे, आणि वर येऊन सांगायचं, इतक्या फुटांवर पक्का खडक आहे, तिथपर्यंत जा. गुडघे गेले ते त्या बसण्यानंच. घरात त्यांच्या खोलीत काचेच्या नळ्या होत्या, प्रत्येकीत कुठल्या तरी गावची माती थरांसकट भरलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं मसाले आहेत. ते ऐकून सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

आणि मग त्यांनी जो पूल मांडायला घेतला! माणूस पोरीचं लग्न मांडतं तसा. वर्षभर मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. सकाळी नऊला, बाराला, चारला सावली कुठं येते तिथं खुंट्या ठोकल्या. उन्हाळ्याच्या वेगळ्या, थंडीच्या वेगळ्या. शेजाऱ्यांच्या झाडाची पानं कुठवर उडून येतात ते पाहिलं. जुन्या सदऱ्याची पट्टी काठीला बांधून रोज वाऱ्याची दिशा वहीत टिपली, कारण वाऱ्याच्या पुढच्या टोकाला गाळणी ठेवली की पाला आपोआप तिकडे जातो. "आपल्याकडे ऊन पाणी पितं आणि वारा ते चाटतो," ते म्हणायचे, "तर पश्चिमेला दाट कुंपण लावायचं, म्हणजे निदान वाऱ्याचं तोंड बांधलं." जमीन घराकडून कुंपणाकडे उतरती, म्हणून वरच्या बाजूला पावसाच्या पाण्यासाठी चर. एका टोकाला तीन फूट, तिथून हळूहळू उतरत पाच फूट. पूल बांधणारा कंत्राटदार, ज्याला सगळे पूलवालाच म्हणत, वही पाहून हात जोडून म्हणाला होता, "साहेब, तुम्ही माझ्या पोटावर पाय देणार. मी आता फक्त फावडं आणतो." सासरे लाजले होते. म्हातारा माणूस लाजताना तिनं पहिल्यांदाच पाहिला. पूल म्हणायचे नाहीत ते, हौद म्हणायचे. पूल म्हटलं की आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं म्हणे.

बिघडलं ते चुन्याची फक्की टाकली त्या दिवशी. पूलवाल्यानं पांढऱ्या रेघांनी जमिनीवर आकार आखला, आणि भिंगरी, तेव्हा तीन वर्षांची, रेघेच्या आत उडी मारून कोरड्या मातीत पालथी पडून पोहायला लागली. सगळे हसले. तीही हसली. मग पूलवाल्यानं खोल टोकाला मापाची पट्टी उभी केली आणि भिंगरी पट्टीला पाठ लावून उभी राहिली, "मी किती?" तिच्या डोक्याच्या वर पट्टी अजून दोन फूट उरली होती. नुसती हवा, मागचं कुंपण, कुंपणावरचा टॉवेल. पण तिच्या आईला ती हवा दिसेना. तिला पाणी दिसलं. नंतर पूलवाल्याला तिनं बाजूला गाठलं तेव्हा तो शहाण्यासारखं बोलला होता: "बाई, बुडायला बादलीसुद्धा पुरते. खोली कमी करून धोका कमी होत नाही. चारही बाजूंनी जाळी घाला, दाराला वर कडी घाला, आणि पोर बाहेर असली की नजर काढू नका." हे सगळं तिनं केलंच. पण हे ऐकताना ती मनात वेगळंच माप घेत होती. संध्याकाळी भिंगरीला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला उभं करून तिच्या हनुवटीच्या जागी पेन्सिलनं रेघ मारली. अडीच फूट भरले. अडीच फुटांत पोर उभी राहिली तर तोंड वर राहील.

सासऱ्यांशी बोलायला हवं होतं. पण बोलायचं काय? त्यांच्याकडे वही होती, खुंट्या होत्या, डॉक्टरांचा कागद होता. तिच्याकडे भीती होती, आणि भीतीची वही नसते. ते समजावतील, प्रेमानं समजावतील, "अगं वेडे" म्हणतील, आणि शेवटी ती हो म्हणेल, हे तिला माहीत होतं. तिच्या आईनंही तिच्याशी कधी वाद घातला नव्हता. आई फक्त "पडशील" म्हणायची. लहानपणी सगळ्यांत जास्त ऐकलेला शब्द कुठला असं कुणी विचारलं असतं तर स्वतःच्या नावाआधी तिनं तो सांगितला असता. सायकल आणली होती वडिलांनी, निळी. आई मागून सीट धरून धावायची, "आहे हं मी, आहे," आणि आईनं ती सीट कधी सोडलीच नाही. सारा उन्हाळा आई धावली. पुढे सायकल कुणाला तरी देऊन टाकली. आपल्याला सायकल येत नाही, हे ती अजूनही लोकांना चेष्टेत सांगते, आणि सांगताना पाठीमागे सीटला लागलेला हात तिला अजून जाणवतो.

संधी आपोआप आली. खणायच्या वेळी सासरे पंधरा दिवस नणंदेकडे गेले, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना गुडघे दाखवायला. नवरा कामासाठी बाहेरगावी. घरी ती, भिंगरी आणि पूलवाल्याची माणसं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला सांगितलं, इथंच थांबा, सगळीकडे पाणी अडीच फूट. त्यानं विचारलं, "साहेब काय म्हणतील?" "त्यांना सांगा, खडक लागला." त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. "बाई, मी खोटं बोलायला कचरत नाही, धंदाच तसा आहे. पण कुणाला सांगायचं, ते तरी बघाल?" त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच, ती म्हणाली होती. आणि तेव्हा तिला ते खरंच वाटलं होतं, हे आता ऑफिसच्या खुर्चीत बसून आठवताना तिच्या कानशिलांना ऊब लागली. इतक्या लोकांचं खोटं ती रोज पकडायची. पहिल्याच प्रश्नाला पकडायची.

सासरे परत आले तेव्हा तळाचं काँक्रीट ओतून झालं होतं. पूलवाला खाली बघत म्हणाला, "खडक लागला, साहेब. तीन फुटांवर." ते काठावर उभे राहिले, दोन्ही हात काठीवर. मग कुंपणाशी उपसलेल्या मातीचा ढीग होता तिकडे गेले, कष्टानं वाकले, मूठभर माती उचलली, अंगठ्यानं चुरली, नाकाजवळ नेली, पुन्हा ढिगावर सोडली आणि हात झटकले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पाहात होती. जुनी सवय, तिला वाटलं होतं. शिंप्यानं दुसऱ्याच्या सदऱ्याची शिवण चाचपावी तशी. "बरं," ते म्हणाले होते. "खडकापुढं कुणाचं चालतं?" आणि वळून तिला हाक मारून म्हणाले होते, "चहा टाकतेस का गं? प्रवासानं तोंड कडू झालंय." तिला इतकं हलकं वाटलं होतं की चहात साखर दोनदा पडली. त्यांनी तो चहा न बोलता प्यायला. न बोलता.

पाणी भरलं त्या दिवशी सगळे पाण्यात उतरले. फोटो तिनंच काढला. पुढं मोठा करून हॉलमध्ये लावला. त्यात सासरे पाण्यात आहेत, शेजारी भिंगरीचं हनुवटीपर्यंत बुडालेलं तोंड, दोघं हसताहेत. नणंद दर फोनला म्हणायची, बाबा किती खूश दिसताहेत गं त्यात. नंतर महिनाभर ते रोज उतरले, मग एक दिवसाआड, मग म्हणाले, पाणी फार तापतं. ते खरंच होतं. उथळ पाणी आपल्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत आंघोळीचं होई आणि चार दिवसांत हिरवं पडे. गुडघ्यांनी आपला रस्ता धरला. आधी एक काठी, मग चार पायांचा वॉकर, आणि आता तीन पायऱ्या चढून घरात येणंसुद्धा होईना, म्हणून येत्या रविवारी नणंद त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला येणार होती. तिचं घर जमिनीलगत, पायऱ्या नाहीत. सगळ्यांनी बसून, समजुतीनं ठरवलं होतं. त्या बैठकीतही ते म्हणाले होते, "बरं."

शाळेच्या फाटकाशी भिंगरी ओल्या केसांची, ओठ घट्ट मिटून उभी होती. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "बाईंनी सांगितलं?" सांगितलं. "मी बुडाले नाही काही." नाही. थोडा रस्ता गेला. "आई, पाय टेकला नाही तर मग कशावर उभं राहायचं?" तिला सांगायचं होतं, पाण्यावर. पण जे आपण कधी केलं नाही ते कसं सांगावं? सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला. "सोमवारी मी जाणार नाही," भिंगरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला पोहणं आवडत नाही. कधीच आवडत नव्हतं." सात वर्षांच्या पोरीनं 'कधीच' म्हणावं, आणि ते खोटं असावं, आणि ते खोटं ओळखणारं गाडीत एकच माणूस असावं. तिनं आरशात पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर आपल्या आईचा चेहरा होता. नाक-डोळे नाही, घाबरल्यावर खालचा ओठ आत ओढायची ती लकब.

शनिवारी दुपारी सासऱ्यांचं सामान बांधायचं होतं. नवरा खोकी आणायला गेला. भिंगरी जेवणाच्या टेबलावर रंगीत पेन्सिली पसरून चित्र काढत होती, शाळेचं, "माझं घर". तिनं जाता जाता पाहिलं. वर घर, मागे निळा चौकोन, त्यात दोन माणसं. आणि निळ्या चौकोनाच्या खाली, जिथं बाकीची मुलं कागद कोरा सोडतात, तिथं पट्टे: काळा, पिवळा, मग तांबूस ठिपक्यांचा, आणि कागदाच्या पार तळाशी राखाडी. "हे काय गं?" "आपल्या घराखालची माती. ही काळी, ही पिवळी, हा मुरूम, आणि हा खडक." राखाडी पट्ट्यापाशी आजोबांच्या वळणाचे आकडे काढायचा प्रयत्न होता. बावीस. "बावीस काय?" "फूट. बावीस फुटांवर खडक आहे. घराचा पाया खणला ना, तेव्हा आजोबांनी स्वतः आत उतरून मोजला होता." पेन्सिल थांबली. भिंगरीनं वर पाहिलं, जीभ चावली. "पण हे तुला सांगायचं नव्हतं मला. आजोबा म्हणाले होते, आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

त्यांना वाईट वाटू नये म्हणून. तिला वाईट वाटेल. चार वर्षं या घरात दोन माणसं एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून जपत होती, आणि मध्ये एक पोर वाढत होती. सासऱ्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते पलंगावर बसून एकेक काचेची नळी वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"बाबा, खडक नव्हता."

"कुठला?"

"मागचा. मी सांगितलं होतं त्याला, तसं सांगा म्हणून."

त्यांनी हातातल्या नळीवरची धूळ फुंकली. "नव्हता असं म्हणू नये. आहे, खाली. असतोच कुठं तरी."

"बावीस फुटांवर."

"भिंगरीच्या पोटात काही राहात नाही," ते म्हणाले, आणि थोडं हसले. "अगं, ढीग पाहिला ना मी. खडक फोडला की मातीत कपच्या येतात. एक कपची नव्हती. लोण्यासारखी माती. तू सुताराला जाऊन सांगितलंस, बाबा रे, हे लाकूड नाही, लोखंड आहे."

तिला हसू आलं नाही. "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कागदाची घडी घातली. "स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ होती. टेप लावून पाहिली. मग पोरीकडे पाहिलं. म्हटलं, हे आईनं घेतलेलं माप आहे, आपण कोण मध्ये पडणार?" नळी त्यांनी खोक्यात ठेवली, पुन्हा उचलली. "खोटं कशाला बोलू, मला माझंच कौतुक वाटलं तेव्हा. सून चुकली, तरी सासरा चकार शब्द बोलला नाही. केवढा मोठा माणूस! भांडायला हवं होतं गं मी. तू आवाज चढवला असतास, मी चढवला असता, दोन दिवस घरात अबोला झाला असता. शेवटी चार फुटांवर मिटलं असतं. पोरीला चार फूट पाणी मिळालं असतं."

"आणि तुम्हाला?"

"माझं काय. गुडघे तसेही जायचेच होते."

हे त्यांनी पूलवाल्यानं खडक सांगितला त्याच आवाजात सांगितलं. तिला ते लगेच ऐकू आलं. पण आता ते खोटं उघडं पाडायचा हक्क तिच्याकडे नव्हता. "सोमवारी तिला पाठव," ते म्हणाले. "रडली तरी पाठव. आणि तू काठावर उभी राहू नकोस, ती पाण्याकडे बघत नाही मग, तुझ्याकडे बघते. बाहेर जाऊन बस." तिनं मान हलवली. बाहेर म्हणजे भिंतीच्या पलीकडे. आवाज येतील आणि दिसणार काहीच नाही. "आणि तो हॉलमधला फोटो तेवढा काढून दे. लेक म्हणाली, घेऊन या."

ती स्टुलावर चढली, फोटो खिळ्यावरून उतरवला, पदरानं काच पुसली. चार वर्षं भिंतीवर होता. भिंतीवरच्या गोष्टी माणूस बघत नाही. आता हातात, पोटाशी धरलेला, तो तिला दिसला. सासरे हसताहेत. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलंय. छातीपर्यंत. ती स्टुलावर उभीच राहिली. सहा फुटांचा माणूस आणि अडीच फूट पाणी.

मागचं दार उघडून, जाळीची कडी काढून, ती कपड्यांसकट पाण्यात उतरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं, कोमट, गुळगुळीत, कुणी तरी वापरून सोडल्यासारखं. ते उभे होते त्याच जागी ती गेली, घराकडे तोंड केलं आणि हळूहळू गुडघे मोडत खाली बसली, खड्ड्यात माती बघायला बसतात तशी उकिडवी, पाणी छातीला लागेपर्यंत. फोटोत होतं तसं. मग तिला आपलाच आवाज आठवला, काठावरून, चार वर्षांपूर्वीचा, खुशीतला: "बाबा, जरा थांबा हं, भिंगरी हलली. अजून एक. थांबा, ऊन डोळ्यांवर येतंय, या बाजूनं काढते. हलू नका, बाबा. अजून एक." आणि ते हलले नव्हते. पोटऱ्या ताणल्या. मांड्या आधी तापल्या, मग थरथरायला लागल्या, आणि त्या थरथरण्याची वर्तुळं तिच्याभोवती पाण्यावर उमटून काठाला जाऊन लागत राहिली. तिची तेहतिशी होती, गुडघे धडधाकट होते. जाळीपाशी भिंगरी येऊन उभी राहिली. "आई, तू काय करतेयस?" भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. तिला कळलं असावं की तळ इथंही आहे आणि आईला तो पुरत नाहीये.

समोर खिडकी सरकली. सासरे वॉकरला धरून उभे होते, बहुधा मघापासून; ते इतका वेळ कधी उभे राहात नसत.

"ऊठ गं," ते म्हणाले. "गुडघे धरतील."

तिनं मान वर केली. मांड्या खचत खचत पाणी हनुवटीला आलं होतं. अजून एक, ती मनात म्हणाली, आणि हलली नाही.